घराचा भाव आणि घराचे भाडे

डॉक्टरी व्यवसायाला निवृत्तिवेतन नाही. शासकीय सेवेतील मंडळी सोडली, तर आपल्यापैकी बहुतेकांचे उत्पन्न रोज सकाळी दवाखान्याचे दार उघडण्यावर अवलंबून असते. ते दार कधीतरी बंद होणार आहे, हे तर आपल्याला इतरांपेक्षा अधिक स्पष्टपणे दिसते. म्हणूनच हैदराबादेत स्थायिक झालेल्या मराठी डॉक्टरांनी उतारवयाची सोय म्हणून एखाद-दुसरे घर भाड्याने देण्याचा मार्ग पूर्वीपासून पत्करलेला आहे. काचीगुडा, सुलतान बाजार, बरकतपुरा या भागांत मागच्या पिढीने घरे बांधली, त्यांत मागील अंगणाच्या बाजूला दोन खोल्या भाडेकरूंसाठी राखून ठेवण्याची पद्धत होती. त्या खोल्यांच्या भाड्यात घराचा वाणसामानाचा खर्च भागत असे. त्यापलीकडे कोणी फार अपेक्षा करीत नव्हते.

आता चित्र पालटले आहे. आपल्या मंडळाच्या सभा आटोपल्यावर चहाच्या वेळी तरुण सहकाऱ्यांच्या घोळक्यात जे ऐकू येते, त्यात कोकापेटचा भाव, नार्सिंगीचा भाव आणि तेल्लापूरचा भाव यांना नव्या प्रतिजैविकांपेक्षा जास्त वेळ मिळतो. "आता घेतले नाही, तर पुन्हा कधी घेता येणार नाही," हे वाक्य तर मी गेल्या वीस वर्षांत असंख्य वेळा ऐकले. एक फ्लॅट घ्यावा, त्याचा भाव वाढला की त्यावर वाढीव कर्ज काढून दुसरा घ्यावा, दुसऱ्यावर तिसरा, आणि भाडेकरूंनी आपले हप्ते फेडावेत, अशी ही योजना असते. गेली बावीस-तेवीस वर्षे मी स्वतः भाड्याची घरे सांभाळीत आलो आहे. सध्या ती तीन आहेत. त्या अनुभवावरून मला या योजनेतील एका गृहीताकडे लक्ष वेधावेसे वाटते. घराचा भाव आणि घराचे भाडे यांची वाढ एकाच वेगाने होते, असे त्यात धरलेले असते. तेजीच्या बाजारात नेमके तेच घडत नाही.

भाव का वाढला, हे प्रथम पाहू. १९९८ मध्ये माधापूरला सायबर टॉवर्सची इमारत उभी राहिली आणि त्यानंतर शहराचा ओढा पश्चिमेकडे वळला. गचिबौली, कोंडापूर, नानकरामगुडा येथे माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या आल्या. १५८ किलोमीटरचा बाह्य वर्तुळमार्ग झाला. २०१४ मध्ये तेलंगण राज्य अस्तित्वात आल्यावर राजकीय अनिश्चितता संपली आणि अडून राहिलेला पैसा जमिनीत उतरला. ऑगस्ट २०२३ मध्ये कोकापेटच्या सरकारी लिलावात एका एकराला १०० कोटी रुपयांहून अधिक बोली लागली, तेव्हा सारे शहर थक्क झाले. जमिनीला अशी किंमत मोजणारा विकासक ती सदनिकेच्या दरातूनच वसूल करणार. भाव चढण्यामागे अशी ठोस कारणे आहेत, हा केवळ अफवांचा खेळ नाही, हे मान्य केले पाहिजे.

परंतु भाडे ठरते ते निराळ्या रीतीने. विकत घेणारा पुढील वीस वर्षांच्या आशेची किंमत मोजतो. भाडेकरू मात्र आपल्या या महिन्याच्या पगाराकडे आणि शेजारच्या इमारतीत लागलेल्या 'टू-लेट'च्या पाटीकडे पाहून किंमत ठरवतो. हैदराबादेत ती पाटी दुर्मीळ नसते. २००६ मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेश सरकारने येथील चटईक्षेत्र निर्देशांकाची कमाल मर्यादा काढून टाकली. त्यामुळे रस्त्याची रुंदी आणि भूखंडाचा आकार पुरेसा असेल, तर चाळीस-पन्नास मजले चढवता येतात. मुंबईत जागाच नाही म्हणून जुन्या इमारतीतील छोट्या सदनिकेलाही ग्राहक मिळतो. आपल्याकडे समोरच्या मोकळ्या माळावर तीन वर्षांत दोन हजार नव्या सदनिका उभ्या राहू शकतात. त्यांतील निम्म्या आपल्यासारख्यांनीच भाड्याने देण्यासाठी घेतलेल्या असतात, आणि ताबा मिळाला की त्या सगळ्या एकाच महिन्यात बाजारात येतात. ज्या तेजीमुळे आपल्या फ्लॅटचा भाव वाढतो, तीच तेजी आपल्या भाडेकरूला दहा पर्याय उभे करून देते.

हप्ता आणि भाडे

उदाहरणादाखल एक हिशोब मांडतो. आकडे धरून चाललेले आहेत, वाचकांनी आपापल्या व्यवहाराचे घालून पाहावेत. कोंडापूरच्या बाजूला दोन शयनगृहांचा, राहण्यास तयार फ्लॅट ८० लाखांना ठरला असे समजू. तेलंगणात जुलै २०२१ पासून मुद्रांक शुल्क, हस्तांतरण शुल्क आणि नोंदणी मिळून साडेसात टक्के होतात, म्हणजे सहा लाख रुपये. कपाटे, स्वयंपाकघराचे लाकूडकाम, पंखे, गीझर, जाळ्या यांशिवाय आजचा भाडेकरू घर पाहायलाही येत नाही. त्यासाठी चार लाख धरू. एकूण ९० लाख. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळू शकते आणि एवढ्या रकमेच्या कर्जात मुद्रांक शुल्क त्या किमतीत धरले जात नाही. आपण ६० लाखांचे कर्ज घेतले आणि ३० लाख पदरचे घातले, असे मानू.

भाडे महिन्याला २८ हजार मिळाले. वर्षाचे ३ लाख ३६ हजार. यातून महापालिकेचा मालमत्ता कर, भाडेकरू बदलताना रिकामे जाणारे दिवस, दलालाचे पंधरा दिवसांचे भाडे, रंगकाम आणि नळ-विजेची डागडुजी वजा करावी लागते. या खर्चाची वार्षिक सरासरी ४५-४६ हजारांच्या खाली क्वचितच येते. हाती २ लाख ९० हजार राहिले, म्हणजे महिना सुमारे २४ हजार. ९० लाखांवर हा परतावा सव्वातीन टक्क्यांच्या आत आहे.

आता हप्ता पाहू. साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षांची मुदत धरली, तर ६० लाखांचा मासिक हप्ता ५२ हजार रुपयांच्या थोडा वर जातो. २४ हजार आले, ५२ हजार गेले. उरलेले २८ हजार रुपये दर महिन्याला दवाखान्याच्या गल्ल्यातून येणार आहेत. भाडेकरू आपले कर्ज फेडतो, हे म्हणणे अर्धेही खरे नाही. भाडे दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढत गेले, तरी भाड्याला हप्त्याची बरोबरी करण्यास सुमारे सोळा वर्षे लागतात. तोवर कर्जाची चारच वर्षे शिल्लक उरलेली असतात.

असे दोन फ्लॅट एकदम घेतले, तर महिन्याची तूट ५६ हजार होते, तीन घेतले तर ८४ हजार. चाळिशीतल्या, जोमात चाललेल्या सर्जनला ही रक्कम जड वाटत नाही. ती वाटावी अशी परिस्थिती आली, की ती एकटी येत नाही, हा खरा प्रश्न आहे.

आयकराच्या सवलतीमुळे ही तूट भरून निघते, असाही समज आहे. पूर्वी त्यात तथ्य होते. भाड्याच्या उत्पन्नातून मालमत्ता कर आणि त्यानंतर सरसकट ३० टक्के वजावट आजही मिळते, तसेच कर्जावरील व्याजही वजा होते. वरील उदाहरणात पहिल्या वर्षाचे व्याज सुमारे पाच लाख असल्याने कागदोपत्री पावणेतीन लाखांच्या आसपास तोटा दिसेल. पूर्वी हा सगळा तोटा डॉक्टरकीच्या उत्पन्नातून वजा करता येई. २०१७-१८ या आर्थिक वर्षापासून जुन्या करपद्धतीत तो वर्षाला दोन लाखांपर्यंतच वजा करता येतो. उरलेला पुढील आठ वर्षे केवळ घरभाड्याच्या उत्पन्नासमोर मांडावा लागतो. २०२३-२४ पासून जी नवी करपद्धती मूलतः लागू झाली आहे, तिच्यात तर हा तोटा व्यवसायाच्या उत्पन्नातून मुळीच वजा होत नाही. ज्यांनी ही पद्धत स्वीकारली आहे, त्यांनी 'करात वाचेल' हे वाक्य आपल्या हिशोबातून काढून टाकावे. घर विकताना होणाऱ्या भांडवली नफ्यावरील करही २३ जुलै २०२४ पासून बदलला. दर १२.५ टक्के झाला, मात्र महागाईनुसार खरेदीची किंमत वाढवून धरण्याची सोय गेली. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या घरांसाठी निवासी व्यक्तींना जुन्या रीतीने २० टक्के दराने कर मोजण्याचा पर्याय ठेवला आहे. विक्रीपूर्वी दोन्ही रीतींनी आकडा काढून पाहणे इष्ट.

व्याजदराचे आणि मंदीचे दिवस

गृहकर्जे बहुधा चढत्या-उतरत्या व्याजाची असतात. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी कर्जे बाह्य दराशी, म्हणजे बहुतेक ठिकाणी रेपो दराशी, जोडावी लागली. हा दर मे २०२० मध्ये चार टक्क्यांवर आला आणि दोन वर्षे तेथेच राहिला. त्या काळात अनेकांनी पावणेसात टक्क्यांनी कर्जे घेतली. ६० लाखांचा हप्ता ४५,६०० रुपयांच्या आसपास बसत होता. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ महिन्यांत रेपो दर साडेसहा टक्क्यांवर गेला. कर्जाचा दर सव्वानऊ झाला तेव्हा त्याच कर्जाचे महिन्याचे व्याजच ४५ हजारांच्या घरात पोचले. जुना हप्ता भरत राहिले, तर मुद्दल जवळजवळ फिटेनासेच झाले. बँकांनी मुदत वाढवली, आणि मुदत पुरेना तेव्हा हप्ता सुमारे नऊ हजारांनी वाढवला. पुढे २०२५ मध्ये दर उतरलेही, परंतु मधल्या दोन वर्षांत भाडेकरूकडे जाऊन "व्याज वाढले आहे, नऊ हजार जास्त द्या," असे म्हणण्याची सोय कोणालाच नव्हती.

भाव कधी थांबत नाहीत, असे समजणाऱ्या तरुणांनी २००८ ते २०१४ हा काळ पाहिलेला नाही. २००६-०७ मध्येही अशीच तेजी होती. नंतर जागतिक मंदी आली. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यमच्या अध्यक्षांचे ते पत्र प्रसिद्ध झाले आणि या शहरातील हजारो तरुणांच्या नोकऱ्यांवर प्रश्नचिन्ह उभे राहिले. वर्षअखेरीस वेगळ्या राज्याच्या आंदोलनाने जोर धरला. शहर कोणाकडे जाणार, हे ठरेपर्यंत गिऱ्हाईक फिरकेना. पाच-सहा वर्षे भाव एका जागी खिळून राहिले. महागाई जमेस धरली, तर ते उतरलेच म्हणावे लागेल.

त्याच सुमारास माझ्या एका सर्जन मित्राच्या मणक्याचे दुखणे बळावले. आठ महिने तो शस्त्रक्रिया करू शकला नाही. तीन फ्लॅटचे हप्ते चालू, दोन मुले वैद्यकीय महाविद्यालयात, आणि इस्पितळाच्या यंत्रसामग्रीचे कर्ज वेगळे. हे सारे २०१० मध्ये एकत्र आले. विकायला काढला तो सर्वांत चांगल्या जागेचा फ्लॅट, कारण इतर दोघांना कोणी विचारीत नव्हते. घेणाऱ्याला याची निकड ठाऊक होती. शेवटी जो भाव मिळाला, त्यातून बँकेचे देणे आणि दलाली जाऊन त्याच्या हाती स्वतःचे घातलेले पैसेही पुरते आले नाहीत. तीच सदनिका आज चौपट भावाची आहे, हे तो हसत सांगतो. वहिनी तेथून उठून आत जातात.

म्हणून एखाद्या डॉक्टरला किती फ्लॅट झेपतील, याचे माझे माप साधे आहे. दवाखाना आठ महिने बंद राहिला आणि त्याच काळात भाड्याचे एक घर सहा महिने रिकामे पडले, तरी सर्व हप्ते भरता येतील एवढी रक्कम मुदत ठेवीत असली पाहिजे. ही कल्पना काल्पनिक मानू नये. २०२० मध्ये माधापूर-कोंडापूर भागातील कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना घरून काम दिले. ती मुले विजयवाड्याला, नागपूरला, आपापल्या गावी निघून गेली. माझा कोंडापूरचा फ्लॅट सात महिने कुलूपबंद होता, आणि आपले दवाखाने त्या वेळी कोणत्या स्थितीत होते, हे येथे सांगण्याची गरज नाही.

पहिल्याच्या भाड्यावर दुसरे

मग वाढ करायचीच नाही का? करावी, पण निराळ्या क्रमाने. वरच्याच उदाहरणात ५२ हजारांच्या हप्त्याबरोबर महिन्याला आणखी २० हजार मुद्दलात भरले, तर वीस वर्षांचे कर्ज साडेदहा वर्षांत फिटते आणि व्याजाचे सुमारे ३४ लाख रुपये वाचतात. व्यक्तीने घेतलेल्या चढत्या-उतरत्या व्याजाच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड बँका आकारू शकत नाहीत, याचा लाभ घ्यावा. पहिले घर कर्जमुक्त झाले, की त्याचे सगळे भाडे मोकळे होते. दुसऱ्या घराच्या हप्त्यातील तूट ते भाडे भरून काढते. दवाखान्याच्या उत्पन्नाला हात लावावा लागत नाही, किंवा थोडाच लावावा लागतो. मी कुकटपल्लीचा पहिला फ्लॅट २००३ मध्ये घेतला, २०११ मध्ये तो फेडला आणि दुसऱ्या वर्षी कोंडापूरचा घेतला. या मधल्या काळात मित्रांनी माझी बरीच थट्टा केली, ती मला मान्य आहे.

उलट, भाव वाढलेल्या पहिल्या घरावर वाढीव कर्ज काढून दुसऱ्याची पदरची रक्कम उभी करणे म्हणजे दोन्ही घरे शंभर टक्के कर्जावर उभी करणे होय. बँकेच्या मूल्यांककाने लिहिलेला वाढीव भाव हा अंदाज असतो, हप्त्याची तारीख मात्र पक्की असते. बँका अशा कर्जासाठी स्वतःहून दूरध्वनी करतात, आणि डॉक्टरांना तर फार आदराने करतात.

जुन्या घराच्या जागेवर

तिसरा फ्लॅट मी विकत घेतलेला नाही, आणि या शहरातील जुन्या मराठी कुटुंबांच्या दृष्टीने हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. काचीगुडा, नल्लाकुंटा, बरकतपुरा भागात ज्यांचे वडिलोपार्जित बैठे घर आणि तीनशे-चारशे गजांचा भूखंड आहे, त्यांच्याकडे बाजारातील सर्वांत महाग वस्तू, म्हणजे जमीन, आधीच आहे. अशी जागा 'डेव्हलपमेंट'ला देण्याची रीत येथे चांगली रुळली आहे. बांधकामाचा खर्च विकासक करतो आणि तयार सदनिका ठरलेल्या प्रमाणात, पुष्कळदा निम्म्या-निम्म्या, वाटल्या जातात. दोन भावांच्या वाट्याला दोन-दोन फ्लॅट आले, तर एकात राहून दुसरा भाड्याने देता येतो. या घरावर हप्ता नसल्यामुळे भाडे जवळजवळ पूर्ण हाती राहते.

मात्र करारनामा करताना घाई नको. तो नोंदणीकृतच असावा. बांधकाम पूर्ण होईपर्यंतचे आपले पर्यायी घराचे भाडे कोण देणार, विलंब झाल्यास दरमहा किती भरपाई मिळणार आणि कोणते मजले कोणाचे, हे नकाशावर सह्या करून ठरवावे. आपल्या वाट्याचे फ्लॅट तयार होऊन भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्याखेरीज विकासकाला त्याचे शेवटचे दोन फ्लॅट विकता येऊ नयेत, अशी अट मी वकिलांकडून घालून घेतली होती. काम वेळेत संपण्यास तिचाच उपयोग झाला असे मला वाटते. मंजूर नकाशाबाहेरचा वरचा मजला, ज्याला येथे कौतुकाने पेंटहाउस म्हणतात, तो आपल्या वाट्यात कधीही घेऊ नये. त्यावर कर्ज मिळत नाही आणि पाडण्याची टांगती तलवार कायम राहते. अशा नोंदणीकृत करारातील भांडवली नफ्याचा कर, २०१७च्या तरतुदीनुसार, व्यक्ती आणि अविभक्त हिंदू कुटुंब यांना करार झाला त्या वर्षी न लागता बांधकाम पूर्णतेचे प्रमाणपत्र मिळाले त्या वर्षी लागतो. पण प्रमाणपत्रापूर्वी आपला हिस्सा विकल्यास ही सवलत जाते. भावंडांतील एखादे अमेरिकेत असेल, तर त्याचे मुखत्यारपत्र आधी तयार करून घ्यावे. आमच्याकडे सारे जमून आल्यावर केवळ त्यासाठी पाच महिने थांबावे लागले.

घर निवडताना

याबाबत थोडक्यात लिहितो, कारण कागदपत्रांची तपासणी वकिलांचे काम आहे. गेल्या तीस वर्षांचे भाररहित प्रमाणपत्र, म्हणजे येथे सर्वजण म्हणतात ती 'ईसी', मूळ दस्तांची साखळी, नोंदणी खात्याच्या प्रतिबंधित मालमत्तांच्या यादीत तो सर्व्हे क्रमांक नसल्याची खात्री आणि भोगवटा प्रमाणपत्र, एवढे तरी पाहिलेच पाहिजे. हे शहर तलावांचे आहे. तलावाच्या पूर्ण भरणपातळीत किंवा तिच्या संरक्षित पट्ट्यात बांधलेल्या इमारतींवर जुलै २०२४ मध्ये स्थापन झालेल्या 'हायड्रा' यंत्रणेने कारवाई सुरू केली, तेव्हा बँकेने कर्ज दिले म्हणजे जागा निर्दोष, हा समज पुष्कळांना सोडावा लागला. विक्रेता अनिवासी भारतीय असेल, तर करकपात नेहमीच्या एक टक्क्याऐवजी बऱ्याच मोठ्या दराने करावी लागते. ती न केल्यास जबाबदारी खरेदीदारावर येते.

'प्री-लाँच'च्या नावाने निम्म्या भावात सदनिका देऊ करणारे आपल्या दवाखान्यात हमखास येतात. जमिनीतील अविभक्त हिस्सा आधी नावावर करून देतो, सगळे पैसे एकरकमी द्या, असा त्यांचा प्रस्ताव असतो. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरील किंवा आठाहून अधिक सदनिकांच्या प्रकल्पात रेरा नोंदणीपूर्वी जाहिरात वा विक्री करण्यास २०१६च्या कायद्याने बंदी आहे. अशा प्रस्तावात पैसे गेलेल्यांत डॉक्टरांची संख्या थोडी नाही, कारण आपल्याकडे एकरकमी पैसा असतो आणि चौकशीला वेळ नसतो.

भाड्याच्या दृष्टीने पाहता, विकत घेणारा आणि भाडेकरू यांच्या आवडी सारख्या नसतात, हे ध्यानात ठेवल्यास थोडे पैसे वाचतात. येथे पूर्वाभिमुख फ्लॅटला वास्तुशास्त्रामुळे जास्त भाव द्यावा लागतो. दोन वर्षांसाठी आलेला संगणक अभियंता दाराची दिशा सहसा विचारीत नाही. तो पाणी, कार ठेवण्याची जागा आणि मेट्रोचे अंतर विचारतो. माझा कोंडापूरचा फ्लॅट पश्चिमाभिमुख आहे आणि त्याला कधी कमी भाडे आले नाही. पाण्याची चौकशी मात्र एप्रिल-मेमध्ये, इमारतीच्या रखवालदाराकडेच करावी. कूपनलिका आटल्यावर किती टँकर येतात, हे विकासकाच्या पुस्तिकेत छापलेले नसते.

भाडेकरू

बाजार तेजीत असला, की भाडे झटकन वाढवण्याचा मोह होतो. २०२२ मध्ये कंपन्यांनी लोकांना पुन्हा कार्यालयात बोलावले, तेव्हा पश्चिम हैदराबादेत तसे झालेही. येथेही हिशोब करून पाहावा. २८ हजारांचे भाडे ३१ हजार मागितले आणि जुना भाडेकरू गेला. वर्षाला ३६ हजार अधिक मिळणार. पण एक महिना घर रिकामे, दलालाचे पंधरा दिवस आणि रंगकामाचे २५ हजार मिळून सुमारे ७० हजार आधीच गेले. बरोबरी व्हायला दोन वर्षे लागतात, तोवर नवा भाडेकरूही बदलीवर निघतो. वेळेवर पैसे देणारा, घर नीट ठेवणारा भाडेकरू असेल, तर मी बाजारभावापेक्षा हजार-दीड हजार कमी घेतो आणि करारात दरवर्षीची पाच टक्के वाढ लिहून ठेवतो. कुकटपल्लीच्या घरात एक तेलुगू शिक्षक कुटुंब नऊ वर्षे राहिले.

अकरा महिन्यांचा करार लेखी असावा. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी टाळण्यासाठी अकरा महिन्यांची ही चाल पडली. येथे अनामत रकमेला 'अडव्हान्स' म्हणतात आणि ती साधारण दोन महिन्यांच्या भाड्याइतकी घेतात. ती मी वेगळ्या बचत खात्यात ठेवतो, म्हणजे परत देताना चणचण होत नाही. काही सहकारी अविवाहित मुलांना घर देत नाहीत. मी देतो. दोनदा संधी देऊन पाहिली आणि दोन्हीदा स्वयंपाकघराखेरीज सर्व काही व्यवस्थित मिळाले. आपल्याच इस्पितळातील कनिष्ठ सहकाऱ्याला मात्र घर देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. भाडे थकले तर मागता येत नाही आणि गीझर बिघडला तर त्याला सांगता येत नाही.

या सगळ्याची एक वही आमच्या घरी आहे. प्रत्येक घरासाठी चार पाने राखली आहेत. दस्त कोणत्या बँकेच्या लॉकरमध्ये आहेत, मालमत्ता कराचा क्रमांक, वीजजोडणीचा क्रमांक, भाडेकरूचे नाव आणि त्याची किती अनामत आपल्याकडे आहे, करार कधी संपतो, प्लंबर आणि विजेचे काम करणारा कोण, संघाच्या देखभाल शुल्काची पावती कुठे, एवढे त्यात असते. दर जानेवारीत सौ. आणि मी बसून ती पाने नव्याने लिहितो. तिन्ही घरे दोघांच्या नावावर आहेत, मृत्युपत्र नोंदवलेले आहे. यंदापासून भाडे आले की नोंद ती करते, आणि भाडेकरूंचे दूरध्वनीही आता तिच्याकडेच येतात.